फोटोतून कापलेले नारळ

या लेखात एकाही माणसाचं नाव येणार नाही, हे आधीच सांगून टाकते. वीस-बावीस वर्षं मी लोकांची नावं छापत आले. पूर्ण नाव, वय, गाव, धंदा. आता पुरे झालं. आमच्या गावाचंही नाव नको. बिदर जिल्ह्याचं टोक आहे, बांधापलीकडं महाराष्ट्र लागतो, घरात कानडी, दुकानात मराठी आणि बाजारात भांडायला हिंदी वापरतो. एवढ्यावरून ज्याला ओळखायचंय तो ओळखेल.

मी बातमीदार आहे. म्हणजे पोटापाण्याला बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे आणि बातमीदारी वरून. सासऱ्यांकडं पलीकडच्या एका मराठी पेपरची एजन्सी होती. ते गुडघ्यांनी बसले तशी एजन्सी माझ्याकडं आली, आणि एजन्सीमागून बातम्याही आल्या. सुरुवातीला लोक हसायचे. बाईमाणूस पोलीस स्टेशनात जाऊन साहेबाला उलटसुलट विचारतंय म्हटल्यावर चहावालासुद्धा ग्लास हातात धरून बघत राहायचा. मी कुणाच्या हसण्याला भीक घातली नाही. हळूहळू मी सगळ्या गावाची अक्का झाले. माझ्याहून वयानं मोठे असलेलेही अक्काच म्हणतात.

तेव्हा बातमी कागदावर लिहायची, पाकिटात घालायची आणि दुपारच्या बसच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. तिसऱ्या दिवशी छापून यायची. चौथ्या दिवशी त्याच पेपरात कुणीतरी भजी बांधून न्यायचं. एखाद्याचं काही वाकडंतिकडं छापून आलं तर तो आठवडाभर तोंड लपवायचा, आठव्या दिवशी दुकानात येऊन शेताच्या उताऱ्याची झेरॉक्स मागायचा. मी काढून द्यायची. झालं गेलं मिटलं. आता बातमी मोबाइलवरून जाते, पेपरच्या वेबसाइटवर तासाभरात चढते आणि तिथून खाली म्हणून उतरत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि अंगाशी येणं वेगळं.

ते अंगाशी आलं यंदाच्या मे महिन्यात, एका गुरुवारी सकाळी.

आमच्या गावात एक आचारी आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. हुग्गी करावी तर त्यांनीच. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, गूळ घालून तासन् तास घोटलेली. राजेश्वरपासून ठाणाकुशनूरपर्यंत आणि पलीकडं उदगीरपर्यंत लग्न असलं की अण्णांच्या कढया टेम्पोत चढायच्या. पंचवीस वर्षं त्यांनी लोकांच्या पंगती वाढल्या. आता कंबर बोलायला लागली होती. गावाजवळ मुलींची निवासी शाळा आहे, तिथं मुख्य स्वयंपाकी पाहिजे होता. अण्णांनी अर्ज केला होता. अर्ज मीच भरून दिला होता, आणि भरताना ते म्हणाले होते, "लगीनसराईत मला माझ्या बायकूच्या हातचं मिळतच न्हाई बघ अक्का. दुसऱ्याचं रांधून रांधून आता घरी जेवावं वाटायलंय." मी हसले होते. एवढा मोठा आचारी, आणि मागणं काय तर घरची भाकरी.

त्या गुरुवारी ते दुकानात आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत.

"अक्का, फोनात माझं नाव टाकून बघ."

"कामून?"

"बघ म्हणलं की."

मी त्यांचं नाव आणि गाव टाकलं. सगळ्यात वर एक फोटो आला. सात माणसं ओळीत उभी, मागं पोलीस. डावीकडून तिसरे अण्णा, अंगावर पांढरा सदरा, तोंड असं की आता रडतील की हसतील ते कळू नये. खाली हेडिंग, "जुगार अड्ड्यावर छापा, सात जणांना अटक". आणि त्याखाली आमच्या पेपरचं नाव.

"वाच," अण्णा म्हणाले. "मोठ्यानं वाच. चष्मा न्हाई आणला."

चष्मा त्यांच्या खिशात होता. मला दिसत होता. तरी मी वाचलं. माझीच वाक्यं मला वाचायची होती. 'गुप्त माहितीच्या आधारे पोलिसांनी सापळा रचून' असं मी लिहिलं होतं. काय सापळा आणि काय गुप्त! वाचता वाचता माझे कान तापले. सातही जणांची नावं वाचून झाल्यावर मी फोन पालथा ठेवला.

"शाळंतल्या मोठ्या बाईंनी दाखवलं काल," अण्णा म्हणाले. "बाई चांगल्या हायत, आळंदकडच्या, आपल्यासारखं मराठी वाचणाऱ्या. त्या म्हणल्या, सोमवारी कमिटी बसायलीय. तुमचा कोर्टाचा कागद मी बघीन, पण सभासद कागद बघत न्हाईत, फोन बघतात. मुलींची शाळा हाय, जुगारी माणूस कसा ठेवायचा म्हणतील." मग म्हणाले, "तूच लिव्हलंयस ते. तूच पूस."

रागानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. मी पण तोंडाची काही कमी नाही, दोन शब्द दिले घेतले असते. पण ते अगदी साधेपणानं बोलले, आणि ते मला लागलं. का लागलं ते फक्त मला माहीत होतं, आणि ते सांगायला चार वर्षं मागं जावं लागतं.

आमच्याकडं नागपंचमीला नारळ फेकायची पैज लागते. मारुतीच्या देवळापासून तळ्याच्या बांधापर्यंत किती नारळांत पोचायचं ते आधी ठरतं. एक नारळ फेकायचा, तो जिथं पडेल तिथून दुसरा फेकायचा. कुणी म्हणतो एकवीस, कुणी म्हणतो अठरातच पोचवतो. नारळ फुटला की बघे लोक खोबरं तोंडात टाकत मागून पळतात. बायका झोक्यावरून खाली उतरून बघायला येतात. जिंकणाऱ्याला फेटा बांधतात. नारळ सगळ्या गावाचे असतात, घरटी एक. सकाळी अण्णा पोतं घेऊन दारोदार फिरतात आणि गोळा करतात. पोतं त्यांच्याकडंच असतं, कारण आचाऱ्याकडं दिलेली वस्तू इकडची तिकडं होत नाही असा सगळ्यांचा भरवसा. उरलेले नारळ दुसऱ्या दिवशी देवळातल्या प्रसादाला लागतात.

त्या वर्षी मीही नारळ दिला होता. शेंडीला हळद लावून दिला होता, आणि वर म्हटलं होतं, "अण्णा, माझा नारळ बांधावर पडू द्या बरं का, रस्त्यात फुटला तर तुमची खैर न्हाई."

पोलीस स्टेशनात साहेब नवा आला होता, खाली म्हैसूरकडचा. त्याला ना आमची पंचमी माहीत, ना आमची पैज. दीड-दोनशे माणसं आरडाओरडा करत रस्त्यानं पळतायत आणि कुणीतरी बाहेरगावचे बाजूला उभे राहून त्यावर पैसे लावतायत, एवढं त्याच्या कानावर गेलं. जीप आली. पैसे लावणारे पहिले पळाले. बाकीचे त्यांच्यामागं. झोक्याच्या बायका घरात. सात जण तेवढे सापडले, त्यांत अण्णा. ते पळाले का नाहीत? मला ते मागाहून कळलं. ते म्हणाले होते, "लोकांचे नारळ रस्त्यावर टाकून कुठं पळू?"

तर अण्णांना धरलं तेव्हा त्यांच्या पोत्यात इतरांच्या नारळांबरोबर माझा हळद लावलेला नारळही होता.

दुपारी चारच्या सुमाराला पोलिसांच्या ग्रुपवर नोट आली, कानडीत. सात जणांची नावं, वयं, गाव. जप्त माल म्हणून थोडी रोकड आणि एकवीस नारळ. सोबत फोटो. फोटोत सात जणांच्या पायाशी पोतं होतं, तोंड उघडं, नारळ सांडलेले. पुढच्याच नारळाच्या शेंडीला पिवळं दिसत होतं. मी पाहिलं. हसू पण आलं मला. लगेच पेपरच्या डेस्कवरून फोन आला, बातमी पाठवा, वेबसाइटला लगेच पाहिजे, पाच-सहा ओळींत.

मी लिहायला बसले. 'नारळ फेकण्याच्या पैजेवर छापा' असं लिहिलं आणि पुसलं. वाटलं, डेस्कवरचे साहेब म्हणतील, अक्का, ही काय बातमी झाली? चेष्टा करतील. मागं एकदा माझ्या म्हशीच्या बातमीवर ते आठवडाभर हसले होते. जुगाराची बातमी म्हटली की हाताला सवयीचे शब्द असतात, अड्डा, छापा, सापळा. ते घातले. नारळ हा शब्द काढून टाकला. रोकड तेवढी ठेवली. वेबसाइटला फोटो आडवा लागतो, म्हणून खालचा भाग कापला. पायांसकट पोतं गेलं, नारळ गेले, माझी हळदही गेली. उरली सात तोंडं आणि पोलीस. पाठवून दिलं आणि चहा प्याले.

ती बातमी खोटी होती का? एक शब्दही खोटा नव्हता. छापा पडला होता, अटक झाली होती, नावं बरोबर होती. पण ज्या एका शब्दानं वाचणारा हसला असता आणि पुढं गेला असता, तो शब्द मी काढला होता.

त्या वेळी काही झालंही नाही. सातही जणांना स्टेशनातच जामीन मिळाला, संध्याकाळी सगळे घरी. छापील पेपर आला तेव्हा अण्णांनीच एक अंक विकत घेतला. महिनाभर त्यांना चिडवलं लोकांनी. हुग्गी वाढताना कुणी म्हणायचं, "जुगारी अण्णा, एक पळी इकडं लावा," आणि अण्णा म्हणायचे, "पैज लावतोस का, तीन वाट्या संपवशील?" वर्षाच्या आत कोर्टानं खटला काढून टाकला, सगळ्यांना मोकळं केलं. ती बातमी मी पाठवली का? नाही पाठवली. कुणी मागितली नाही, मला सुचली नाही. सुटकेची नोट पोलिसांच्या ग्रुपवर येत नाही. कोर्टात जाऊन आपणच विचारायला लागतं, आणि मी गेले नाही.

हे सगळं त्या गुरुवारी मी अण्णांसमोर बसून आठवत होते. शेवटी राहवेना. जुन्या फोनमध्ये मूळ फोटो होता, तो शोधून काढला आणि त्यांच्यापुढं धरला. आता चष्मा खिशातून बाहेर आला. त्यांनी निरखून पाहिलं.

"आगं, हे तर पोतं हाय की. त्या फोटोत कामून न्हाई?"

"मी कापलं, अण्णा."

"कामून कापलंस?"

"नारळाची बातमी बारीक वाटली मला. लोक हसतील वाटलं."

अण्णांनी फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "हसले असते तर बरं झालं असतं न्हवं?" आणि कोर्टाचा कागद आणायला घरी गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, आधार कार्डाच्या दोन कॉपी मागत होतं. मी त्याच्या हातात चार दिल्या.

कागद आला तो प्लास्टिकच्या पिशवीत, लवंग-दालचिनीच्या वासाचा. मसाल्याच्या डब्यात ठेवला होता. कानडीत होता. मी दुपारभर बसून मराठीत केला. मग पेपरच्या साहेबांना फोन लावला. हे साहेब म्हणजे वेबसाइट बघणारे संपादक, माझ्या मुलाच्या वयाचे, पण कामाला पक्के.

"अक्का, बातमी खोटी होती का?"

"नाही."

"अटक झाली होती ना?"

"झाली होती."

"मग काढायची कशी? आज हे काढलं तर उद्या सगळे रांग लावतील. तुम्हीच मागच्या वर्षी त्या गुत्तेदाराला काय म्हणाला होता?"

इथं माझी पंचाईत झाली. गुत्तेदाराची गोष्ट खरी होती. शाळेच्या संडासांचं काम घेऊन सिमेंट दुसरीकडं वळवलं म्हणून त्याला अटक झाली होती, ती बातमी मीच दिली होती. तो मिठाईचा खोका घेऊन दुकानात आला होता, बातमी काढा म्हणून. मी खोका उचलून रस्त्यावर ठेवला होता आणि साहेबांना फुशारकीनं सांगितलंही होतं, की लोकांना कळलं पाहिजे, एकदा छापलं ते छापलं. आता तेच शब्द माझ्याच तोंडावर आले.

"मग आता फरक काय?" साहेब म्हणाले. "तो ओळखीचा नव्हता, हा ओळखीचा आहे, एवढाच?"

मुलगा बरोबर विचारत होता. राग आला, पण त्याचा नाही, माझाच. मी म्हटलं, "उद्या सांगते." आणि फोन ठेवला.

रात्री जेवणात लक्ष नव्हतं म्हणून सासऱ्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी काही सल्ला दिला नाही, ते आता कुणालाच सल्ला देत नाहीत, नुसते ऐकतात आणि ताक मागतात. पण सांगता सांगता माझं मलाच उलगडलं. शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी फोन लावला.

"साहेब, फरक सांगते. गुत्तेदाराचा खटला चालू आहे, अण्णांचा संपला. हा एक. दुसरा असा, की गुत्तेदाराच्या बातमीतून मी काही कापलं नव्हतं. अण्णांच्या बातमीतून कापलं. बातमी काढू नका. ती होती तशी पुरी करा. ओळखीचा असो नसो, सुटला की सुटला म्हणून लिहायचं. उद्या गुत्तेदार सुटला तर त्याचंही लिहीन, खोका न घेता."

साहेब हसले. मग गंभीर झाले. त्यांनी मूळ फोटो मागितला, पोलिसांची नोट मागितली, कोर्टाचा कागद मागितला, माझा तर्जुमा मागितला. मी सगळं पाठवलं. तासाभरानं त्यांचा फोन आला.

"अक्का, त्याच लिंकवर हेडिंग बदलू. 'नारळ फेकण्याच्या पैजेत पकडलेले सातही जण निर्दोष'. पूर्ण फोटो टाकू. सात जणांची नावं काढून टाकू, आता त्यांची गरज नाही. खाली एक ओळ, आधीची बातमी अपुरी होती म्हणून. चालेल?"

"चालेल. पण ती ओळ मी लिहिणार."

लिहून पाठवली. त्यात लिहिलं होतं, की पोलिसांच्या नोटमध्ये नारळांचा उल्लेख होता, तो मी गाळला. फोटोत नारळ होते, ते मी कापले. त्या पोत्यात एक नारळ माझाही होता. आणि खाली माझं पूर्ण नाव आणि गाव.

साहेबांचा परत फोन. "अहो, तुमचं नाव कशाला? नेहमीसारखं 'वार्ताहर' टाकू. उगाच लोक तुम्हाला नावं ठेवतील. इंटरनेटवरचं आहे, राहून जातं."

"सात जणांची टाकताना विचारलं होतं का कुणाला?"

त्यांनी ओळ होती तशी ठेवली. शनिवारी दुपारी बातमी चढली. वीस-बावीस वर्षांत आमच्या पेपरात माझं नाव पहिल्यांदा आलं ते असं.

एवढ्यानं संपलं नाही. आमची जुनी बातमी गावातल्या एका मोबाइल दुकानदारानं त्याच्या न्यूज चॅनेलवर उचलली होती, वर भडक संगीत लावून. मी त्याच्या काउंटरसमोर जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "अक्का, मी तर तुमचीच वाचली होती." खरंच होतं ते. मी आवाज खाली घेतला आणि म्हटलं, "मग आता ही पण माझीच वाच." त्यानं जुनी काढून टाकली आणि नवी वाचली, तेच भडक संगीत लावून. चालायचंच.

सोमवारी कमिटी होती. मी शटर अर्धं ओढून बसले होते, कामात जीव नव्हता. एका मुलीचा दाखला लॅमिनेशन करताना उलटा घातला, तिनं माझ्याकडं असं पाहिलं की विचारू नका. अण्णा शाळेच्या ओट्यावर बसले असतील, पांढरा सदरा घालून, असं सारखं डोळ्यासमोर येत होतं. मनात म्हणत होते, माझ्यापायी ह्या माणसाची घरची भाकरी जायला नको.

बाराच्या पुढं मोठ्या बाईंचा फोन आला. त्या बोलण्याआधी हसायलाच लागल्या. झालं असं होतं, की एका सभासदानं ठरल्याप्रमाणं फोन काढला, अण्णांचं नाव टाकलं. लिंकवर बदललं तरी शोधात जुनं हेडिंग अजून दिसत होतं. सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. त्यानं बोट लावलं तर आत नवी बातमी उघडली, नारळाच्या पोत्याच्या फोटोसकट. त्यानं ती मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर दुसरा सभासद म्हणाला, "आमच्या गावात एकोणीस नारळांत पोचतात." तिसरा म्हणाला, "शक्यच न्हाई, चढ हाय तिथं." मग पाच-दहा मिनिटं कमिटी फक्त नारळावर बोलली. एकानं तर उठून हात कसा फिरवायचा तेही करून दाखवलं. शेवटी मोठ्या बाईंनी विचारलं, स्वयंपाक्याचं काय करायचं? तेव्हा कुणीतरी म्हणालं, लोकांचे नारळ टाकून जो पळाला नाही, त्याच्याकडं मुलींचं धान्य द्यायला काय हरकत आहे? तेही बातमीतच होतं. नावाऐवजी 'एक आचारी' म्हणून ते वाक्य मी मुद्दाम घातलं होतं.

"अण्णांना जूनपासून या म्हणून सांगितलंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. फोन ठेवून मी शटर पूर्ण वर केलं आणि समोरच्या चहावाल्याला ओरडून चहा सांगितला. तो म्हणाला, "काय अक्का, आज खुशीत?" मी म्हटलं, "व्हय, खुशीतच हाय."

तेव्हापासून मी एक वही केली आहे. अटकेची बातमी पाठवली की त्यात एक ओळ, कोण, कशात, आणि समोरची जागा रिकामी. तालुक्याला गेले की कोर्टाच्या कारकुनाकडं जाऊन विचारते, ह्याचं काय झालं, त्याचं काय झालं. कारकून कपाळाला हात लावतो. पण सांगतो. काही ओळींपुढं 'सुटला' लिहिलं, काहींपुढं 'शिक्षा', आणि दोन्ही बातम्या पाठवल्या. जिथं अजून निकाल लागलेला नाही अशा बातमीत नावाशिवाय भागतं का ते आधी बघते. डेस्कवर आता मला 'नारळवाल्या अक्का' म्हणतात. म्हणू देत.

अण्णा शाळेत रुळले. सकाळी मुलींचा नाष्टा, दुपारी जेवण, रात्रीची आमटी मदतनीस बायकांवर सोपवून साडेसातला घरी. बायकोनं पहिल्याच आठवड्यात माझ्याकडं तक्रार केली. "अक्का, काय केलंस गं हे! रोज माझ्या आमटीत मीठ कमी हाय म्हणायलेत." मी पोट धरून हसले.

आणि मग श्रावणात पंचमी आली. मधली तीन वर्षं भीतीपोटी कुणी पैज लावली नव्हती. यंदा गावकऱ्यांनी आधी स्टेशनात जाऊन सांगितलं, पैसे लावणारा दिसला तर आम्हीच धरून देऊ. स्टेशनातला साहेब आता दुसरा होता, तोही बघायला येतो म्हणाला. सकाळी अण्णा पोतं घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले.

पण नारळ मागायच्या आधी त्यांनी खिशातून फोन काढला. पगारातून नवा घेतला होता.

"अक्का, परवा मुलींनी मला शिकवलं. तुझं नाव टाकलं मी ह्यात. पहिलंच जुगार, पोलीस, अटक, आन् खाली तू. तुझ्या नातीनं उद्या बघितलं तर काय म्हणंल? माझं काम झालंय. तुझं नाव तेवढं काढून घे की आता."

मी फोन बघितला. खरंच पहिली तीच येत होती. फोटोत सात जण, पायाशी पोतं, आणि पुढच्या नारळाची पिवळी शेंडी. चार वर्षं हे सगळं त्या सात जणांच्याच नावावर होतं.

"राहू द्या, अण्णा," मी म्हटलं. "पोत्यात माझा पण होता."

आणि शेंडीला हळद लावून ह्या वर्षीचा नारळ त्यांच्या पोत्यात टाकला.